मायची एकशे बेचाळीस पानं

अकोला, ९ जून २०२५

संघपाल,

जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचता फाडलं नसशील अशी आशा आहे. वीस महिन्यांनी लिहिते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं बहीणभाऊ दुसऱ्या वाक्यालाच ओरडायला लागतो आणि तिसऱ्याला कोणीतरी फोन आपटतं. कागदावर निदान माझं वाक्य पूर्ण होईल.

काम एकच आहे. माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड पाठव. माझा नव्हे, तो मला माहीत आहे. तो टाकला की मशीन सुरू होतं आणि पत्ते खेळता येतात, बस. मला तुझा पासवर्ड हवा आहे, ज्याच्याशिवाय ते मशीन कशालाच हो म्हणत नाही. मागच्या वर्षी प्रिंटर घेतला, तो अजून खोक्यात आहे. जोडायला गेले की पडद्यावर येतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. तुझे भाऊजी त्या खोक्याचा स्टूल करून त्यावर बसतात आणि रोज विचारतात, "काहो, तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जिता हाय का नाई?" अडतीस वर्षं बार्शीटाकळीच्या तहसीलमध्ये टाइप करून पोट भरलेली बाई आज आपल्या भावाला हातानं पत्र लिहिते आहे, ते या खोक्यापायी.

त्या दसऱ्याला तू मशीनमध्ये नवीन विंडोज टाकून दिलंस आणि मायनं सांगितलेल्या एकशे बेचाळीस पानांचा भुसा झाला. दोन हिवाळे ती बाजेवर बसून बोलली आणि मी समोर टाइप केलं. तिचा जन्म, तिची लेकरं, तिनं केलेली मजुरी, सगळं. दुसरी प्रत नाही, वही नाही, काही नाही. त्याबद्दल मी फोनवर जे बोलले ते परत घेत नाही. आज तरी नाही.

पासवर्ड कशाला हवा ते विचारू नको. मशीन माझं आहे एवढं कारण पुरे.

तुझ्या बायकोला, माधवीला, माझ्याकडून सांगायचं काही नाही.

बेबीताई


अकोला, २४ जून २०२५

संघपाल,

उत्तर पोचलं. वर विषय, खाली संदर्भ, मधे दोन ओळी. 'पासवर्ड देता येणार नाही. अडचणीचं स्वरूप कळवावे, येथून सोडवून देण्यात येईल.' मी आठ तहसीलदारांच्या हाताखाली काम केलं रे, पण सख्ख्या बहिणीला 'देण्यात येईल' म्हणणारा साहेब मला अजून भेटला नव्हता.

येथून सोडवून देण्यात येणार नाही. त्या भांडणानंतर मी इंटरनेटच तोडून टाकलं. तू अमरावतीला तुझ्या खुर्चीत बसायचास आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागायचा. चहा घेऊन मी समोर बसलेली आणि तो बाण माझ्या देखत माझी कपाटं उघडतोय. तुला ते काम वाटायचं. मला वाटायचं की कोणी परका न विचारता स्वयंपाकघरात शिरला.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. गाडीत बसणारानं बसावं, चालवणारानं चालवावी. तुझ्या कॉलेजात अडीचशे कॉम्प्युटर आणि तेवढेच शहाणे, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी काहीच दाबलं नाही. निस्तरायला तू. कबूल. आणि माझंही पाप तू विसरला नसशील. निवृत्त होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच मी कसलीशी फुकटची घड्याळं पडद्यावर बसवायला गेले आणि माझ्या नावानं सत्तर जणांना पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात गेली. त्यात तहसीलदार साहेबही होते. साहेबांचं पोट तू निरोपसमारंभात पाहिलंच होतंस. ते त्यांनी मनाला लावून घेतलं, अजून बाजारात दिसले की मान वळवतात. तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, "बाप्पा, तूच सांभाळ आता."

पण सांभाळणं वेगळं आणि किल्ली कमरेला खोचून शंभर किलोमीटर निघून जाणं वेगळं. बिल मी भरते, धूळ मी पुसते, आणि आत खिळा ठोकायचा तर परवानगी अमरावतीहून. असं तर भाडेकरूलाही कोणी ठेवत नाही.

हे सगळं मी तुला चांगलं चार पानं सुनावणार होते. पण त्या टाइप केलेल्या कागदाच्या तळाला तू पेनानं एक ओळ लिहिली आहेस. 'ताई, त्या पानांत माय माझ्याकडून का गेली ते होतं का?'

ती वाचली आणि माझा राग निम्मा खाली आला.

बारा वर्षं झाली. तीन महिने माय तुझ्या फ्लॅटवर राहिली, आणि एका रविवारी गाठोडं बांधून एसटीनं माझ्या दारात उतरली. का आलीस विचारलं तर म्हणाली, "आली अशीच." मरेपर्यंत तेच म्हणाली. तू दोनदा न्यायला आलास, ती आली नाही. तुला ते किती लागलं हे मला आज कळलं असं नाही, पण तू ते कधी विचारलं नव्हतंस.

उत्तर असं आहे की मला माहीत नाही. तुला हे खोटं वाटेल. म्हणशील, सगळं तूच टाइप केलंस ना? टाइप केलं म्हणूनच माहीत नाही. टायपिस्टचं तसंच असतं. शब्द कानातून शिरतो आणि बोटातून निघतो, मधे डोक्यात थांबत नाही. थांबला तर हात अडखळतो. शेकडो लोकांच्या जमिनीचे निकाल मी टाइप केले, एकाचाही निकाल काय लागला ते विचार, सांगता येणार नाही. आणि मायनं अट घातली होती. "वाचून पाहू नोको. मी गेल्यावर वाचजो." एक पान झालं की ती पडदा बंद करायला लावायची.

ती गेल्यावरही सहा वर्षं मी ते उघडलं नाही. धीर झाला नाही. त्या दसऱ्याला नागपूरहून परत येताना बसमध्ये ठरवलं, की आता वाचायचं. घरी आले, हातपाय धुतले, फाइल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं. ना शेंडा ना बुडखा. तुला फोन केला. तू म्हणालास, "फाइल करप्ट झाली ताई, आता काही होत नाही." मग मी ते वाक्य बोलले, जे आपल्या दोघांनाही पाठ आहे.

पासवर्ड पाठव. आता कारण विचारलंस तर सांगेन.

बेबीताई


अकोला, ११ जुलै २०२५

संघपाल,

बरं, सांगते.

मे महिन्यात मी मायची फाइल पुसायला बसले होते. कंटाळले होते रे. मशीन सुरू केलं की ती तिथे दिसायची, उघडली की तोच भुसा. म्हटलं, मेलेल्या माणसाचे कपडे आपण वाटून टाकतो, हेही काढून टाकावं. पुसण्याआधी एकदा शेवटचं पाहावं म्हणून वरपासून खालपर्यंत सरकवत गेले.

त्या भुशात एक गोष्ट पानोपानी होती. इंग्रजी ई, मग के, मग तो टिंबाखाली स्वल्पविराम असलेला अर्धविराम. ई, के, अर्धविराम. एका पानात दहा-बारा वेळा. मला वाटलं हीच ती कीड. कुठलं बटण दाबलं गेलं म्हणून ही लागली ते पाहावं, म्हणून मी कीबोर्डवर ई शोधायला लागले.

हसू नको. मी कीबोर्डकडे कधी पाहतच नाही. सतराव्या वर्षी अकोल्याला टायपिंगच्या क्लासला जायची तेव्हा सर हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे आणि कोणी वाकून पाहिलं की बोटांवर पट्टी बसायची. मशीन मराठी होतं. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्याच मशीनप्रमाणे बोटं चालतील असा मराठी फॉन्ट दिला, बोटांना काही फरकच पडला नाही. त्या बटणांवर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात हे मला माहीत होतं, पण कोणतं कुठे आहे याच्याशी माझा कधी संबंध आला नाही.

तर ई सापडला. वरच्या ओळीत, डाव्या बाजूला. त्यावर बोट ठेवलं, तर आपोआप डाव्या हाताचं मधलं बोट गेलं. के उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. अर्धविराम उजव्या करंगळीखाली. डावं मधलं, उजवं मधलं, करंगळी.

म. काना. य.

माय.

मी जोरात ओरडले. तुझे भाऊजी न्हाणीतून तसेच बाहेर आले, त्यांना वाटलं शॉक लागला. मी त्यांना काही सांगू शकले नाही. पुढची अक्षरं पाहायची आणि बोटं टेबलावर आपटायची, असं करत पहिली ओळ वाचली. 'माय मनते, लिही पोरी.' फाइल मेली नव्हती रे. फाइलला काहीच झालं नव्हतं. वीस महिने माय तिथेच बोलत बसली होती आणि आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

मग मी जुन्या शहरात नत्थुजींकडे गेले. ते लग्नपत्रिका छापतात, सत्तरीला आले आहेत, त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्याइतकाच जुना. मी कागदावर दोन ओळी उतरवून नेल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझा कागद घडाघडा वाचला. म्हणाले, "बाई, फाइल म्हंजे नुसत्या खुना. अक्षराचा साचा येगळा रायते. तुमच्या मशीनीतून साचा काढून टाकला कोनी, तं खुना उघड्या पडल्या. साचा परत बसवा, मानूस उभं राहीन."

मी विचारलं, तुमचं मशीन कोण सांभाळतं? तर म्हणाले, "मीच. काहून? बिघडवलं बी मीच, म्हून दुरुस्त बी मलेच करता येते." त्यांनी तो जुना फॉन्ट पेनड्राइव्हवर दिला. उड्या मारत घरी आले, मशीनला लावला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. फाइल त्यांच्याकडे न्यावी म्हटलं तर पेनड्राइव्हवर उतरवायलाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. म्हणून ९ जूनचं पत्र. तुला कारण सांगितलं नाही, कारण मला तुझ्या आधी, तुझ्याशिवाय ते करून दाखवायचं होतं. एवढी वाईट आहे मी.

आता याहून वाईट सांगते. हे मी वीस महिने कोणाला सांगितलं नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही.

तू नवीन विंडोज टाकत होतास तेव्हा मी ओट्याशी उभी होते. दुसऱ्या दिवशी नागपूरला निघायचं होतं, बसमधल्या बायकांच्याही पुऱ्या माझ्याकडे होत्या. तू बाहेरच्या खोलीतून विचारलंस, "ताई, यात जुने फॉन्ट आहेत बरेच, लागतात का?" मला वाटलं तू काही अडगळीबद्दल विचारतो आहेस. फॉन्ट कॉम्प्युटरमध्ये असतो आणि तो काढला तर अक्षरं जातात हे मला कुठे माहीत? माझ्या लेखी अक्षर म्हणजे बोट. मी कढईतून मान वर न करता म्हटलं, "जुनं काईच ठेवू नोको बावा, सगळं नवं करून दे."

तू विचारलं होतंस. काढायला मीच हो म्हटलं होतं. आणि तीन दिवसांनी मी तुला फोनवर म्हटलं, "तू मायले दुसऱ्यांदा मारलं."

तू तेव्हा उलट बोलला नाहीस, की मी विचारलं होतं म्हणून. आठवलं नाही की बोलला नाहीस, ते मला कळत नाही. मला मात्र त्याच दिवशी आठवलं होतं. फोन आपटल्यावर दहा मिनिटांत.

तुझी चूक आहेच. फॉन्ट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण तुला तर माहीत होतं. आपली ताई काय टाइप करते ते एकदा उघडून पाहिलं असतंस, तर तूच ओळखलं असतंस. तुला मशीन माहीत होतं, त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. मला उलटं. पण तू मारलंस हे मी जे बोलले ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत असताना मी ते वीस महिने तुझ्या अंगावर ठेवलं. माझं चुकलं, संघपाल. हे मी परत घेते.

पासवर्ड द्यायचा की नाही ते तू ठरव. नाही दिलास तर मी टेबलावर बोटं आपटत एकशे बेचाळीस पानं वाचीन. वर्ष लागेल, पण वाचीन.

बेबीताई


अकोला, १८ जुलै २०२५

संघपाल,

पासवर्ड पोचला. सोळा अक्षरं, त्यात दोन टक्केवारीची चिन्हं. असला पासवर्ड माणूस ठेवतो का रे?

सोबतचं पत्रही वाचलं. मी पुऱ्या तळताना म्हटलेलं तुला आठवत होतं आणि तरी तू बोलला नाहीस, हे वाचून मला माझीच लाज वाटली. आणि ते दुसरं, की बारा वर्षं तू माधवीवर संशय धरून आहेस, तीच मायला काही बोलली असणार असा. तिला तीनदा विचारलंस, तिनं तीनदा नाही म्हटलं, आणि तू तिन्ही वेळा विश्वास ठेवला नाहीस. ते वाचून तर मला आणखीनच.

आज उघडत नाही. उद्या सकाळी.

बेबीताई


अकोला, २१ जुलै २०२५

संघपाल,

झालं. सगळं आहे. एकही पान गेलेलं नाही.

तुझा तो पासवर्ड टाकायला मला आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डकडे पाहून एका बोटानं टाइप करावं लागलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मशीन हो म्हणालं. नत्थुजींचा साचा आत टाकला, फाइल उघडली, आणि बघता बघता भुशाचे शब्द झाले. तुझे भाऊजी मागे उभे होते. ते म्हणाले, "बोलली माय." आणि डोळे पुसत आत गेले. मी मात्र रडले नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. मग बसले आणि जेवणाची सुट्टी घेऊन संध्याकाळपर्यंत वाचलं.

पहिल्यांदाच वाचलं, संघपाल. टाइप करणं आणि वाचणं यात एवढं अंतर असेल असं मला वाटलं नव्हतं.

एकशे सोळावं पान तुझं आहे. जसंच्या तसं देते, एक अक्षर बदललेलं नाही.

'आता संघपालचं लिही. थो लय गुनाचा. मले अमरावतीले नेलं, चौथ्या माळ्यावर, पलंग देल्ला, पंखा देल्ला. खायाप्याले कमी नाई. पन थ्या घरात मले कायलेच हात लावू देत नोता. गॅस त्यानंच पेटवा, नळ त्यानंच सोडा, टीवीचं बटन त्यानंच. कालेजात जाये तं गॅस खालून बंद करून जाये, मी जळीन म्हून त्याले भेव. मी मनलं, अरे साठ वर्ष चूल पेटवली म्या, निंदलं, कापूस येचला, साप मारले. तं मने, माय तू आता बस फक्त. बसली. तीन महिने बसली. बसून बसून मले वाटे मी मेलीच हावो, नुसती उचलाची रायली.

माधवी लय चांगली. तिनं वळखलं. थो गेला का थे मले चोरून कनिक मळू दे, भाकर टाकू दे. मने, आई, त्याईले सांगू नका, माह्यावर चिडतीन, का आईले काम लावते. मी टाकलेली भाकर संघपाल रातच्याले खाये अन् मने, माधवी, आज भाकर मायसारखी झाली. आमी दोघी तोंडाले पदर लावून हासो. पन अशी चोरी किती दिस करनार? एक दिस माह्या भाकरीपायी तिचा हात भाजला अन् माह्यावर आळ येऊ नये म्हून थे खोटं बोलली. मंग मी माह्याच मनाले मनलं, जमुने, तू निघ. पोराले सांगतलं तं त्याले लागन, थ्यानं माह्या भल्यासाठीच केलं. अन् सुनेचं नाव घेतलं तं तिले बोलन. म्हून कोनालेच नाई सांगतलं. बेबीकडे आली. बेबी मले सोताहून म्हनते, माय, भाजी चिर, रिकामी काहून बसली. बरं वाटते.'

एवढंच आहे. पुढच्या ओळीला ती वावरातल्या विहिरीवर गेली आहे.

तू काही वाईट केलं नव्हतंस. तिच्यावर जीव होता म्हणून केलंस, हे तीच सांगते आहे. बारा वर्षं जे ओझं तू उचललंस, ते आज खाली ठेव. मला सांगायला एवढा आनंद होतो आहे की अक्षर वाकडं येतं आहे.

पण माधवीचं काय करायचं? तुझा संशय तुझ्या घरात होता. माझं तर तोंड गावात होतं. माय माझ्या दारात उतरली त्या आठवड्यात मी बार्शीटाकळीला चार बायकांत बोलले होते, की सुनेनं ठेवलं नाही, दुसरं काय. चार बायकांना सांगितलं म्हणजे किती जणांना ते तू समजून घे. दोन वर्षांनी हेच पान मायनं मला सांगितलं आणि मी ते माझ्या दहा बोटांनी टाइप केलं. तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही, असं मी तुला जूनमध्ये लिहिलं. आता विचारते आहे स्वतःला, की शिरलं नाही की शिरू दिलं नाही? खरं सांगते, मला माहीत नाही. मी माधवीला वेगळं पत्र लिहिते आहे. माफीचं आहे. चार बायकांपैकी तिघी जिवंत आहेत, त्यांच्याकडे या रविवारी जाते.

मशीनचं म्हणशील तर असं. तुझा पासवर्ड मी काढून टाकला, माझा ठेवला. तो तुला सांगणार नाही. प्रिंटर मीच जोडला, चालला. फुकटची घड्याळं पुन्हा बसवणार नाही, शब्द देते. पण नत्थुजी म्हणतात की हा जुना साचा आज ना उद्या पुन्हा दगा देणार, सगळं नव्या अक्षरांत बदलून घ्यायला हवं, म्हणजे कोणत्याही मशीनवर दिसेल. ते मला येत नाही, त्यांनाही येत नाही. तुला येतं. तर ये आणि करून दे. माझ्या शेजारची खुर्ची तुझी. बटण तू दाब, पण दाबण्याआधी मोठ्यानं सांग, आणि मी समजल्याशिवाय हो म्हणणार नाही. वेळ लागेल. लागू दे.

सोबत पान एकशे सोळा छापून पाठवते आहे. ते तू एकट्यानं वाचून ठेवून देऊ नको. माधवीला समोर बसव आणि मोठ्यानं वाच, भाकरीपर्यंत सगळं. मग तिला विचार, हात कुठे भाजला होता.

तुझी ताई